नवी बिल्डिंग, नवा पत्ता: पुनर्वसन वसाहतीत घरातल्या सगळ्यांनी फुकट कसं शिकायचं

मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड, चेंबूरचा वाशी नाका, माहुल, सायनच्या प्रतीक्षानगरातलं म्हाडाचं संक्रमण शिबिर. मुंबईत सरकारी योजनेतून मिळालेल्या घरांत राहायला जाणाऱ्या कुटुंबाला चावी मिळते, ताबापत्र मिळतं, पण शाळेचं काय ते कुणी सांगत नाही. जुन्या वस्तीत अंगणवाडी गल्लीच्या तोंडाशी होती आणि बाई घरी येऊन पोरांना घेऊन जायच्या. इथं सातव्या मजल्यावर कुणी विचारायला येत नाही.

तीन वर्षांच्या पोरापासून साठीच्या आजीपर्यंत प्रत्येकाला फुकट किंवा जवळपास फुकट शिकायची सोय आहे. ती वेगवेगळ्या खात्यांकडे विखुरलेली आहे आणि बहुतेक ठिकाणी घोडं अडतं ते पत्त्यावर. म्हणून सुरुवात शाळेपासून न करता कागदापासून करा.

१. आधी सगळ्या कागदांवर एकच पत्ता आणा

घर बदललेल्या कुटुंबाकडे हमखास तीन पत्ते असतात. आधारवर जुनी गल्ली, रेशनकार्डावर त्याहून जुनी, आणि वीजबिलावर बिल्डरचं नाव आणि सीटीएस (जमिनीचा सिटी सर्व्हे) नंबर. माणसाला कळतं की हे एकच कुटुंब आहे, पण ऑनलाइन अर्जाला कळत नाही.

एका कागदावर नवा पत्ता नीट लिहून काढा: खोली नंबर, मजला, विंग, बिल्डिंग नंबर, सोसायटीचं नाव, रस्ता, पिनकोड. त्याचं इंग्रजी स्पेलिंगही ठरवा. यापुढे प्रत्येक अर्जात अक्षरशः हेच उतरवायचं. एकाच आवारात वीस-पंचवीस इमारती असतात, त्यामुळे ‘बी-७’ आणि ‘७-बी’ या दोन वेगळ्या इमारती निघू शकतात.

मग या क्रमानं जा:

- वीजबिल आपल्या नावावर करून घ्या. ताबापत्र आणि सोसायटीचं पत्र घेऊन वीज कंपनीच्या कार्यालयात अर्ज करायचा.
- त्या बिलावर घरातल्या एका मोठ्या माणसाचं आधार नव्या पत्त्यावर करा. बिल तीन महिन्यांच्या आतलं लागतं.
- बाकीच्यांचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून बदलता येतो. ऑनलाइन विनंती टाकली की कुटुंबप्रमुखानं ३० दिवसांत मंजुरी द्यायची असते. विसरलात तर विनंती रद्द होते आणि भरलेले पैसेही परत मिळत नाहीत.
- मुलांचं आधार ५ व्या आणि १५ व्या वर्षी बोटांचे ठसे देऊन नव्यानं करावं लागतं. हे राहिलं तर पुढं शिष्यवृत्तीच्या वेळी अडतं.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे पहिल्यांदा बघा. रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेला नंबर हा वसाहतीतल्या निम्म्या अडचणींचा बाप आहे.

आता एक फाइल करा. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, आणि मोबाइलमध्ये स्वच्छ उजेडात काढलेला फोटो:

- ताबापत्र किंवा वाटपपत्र, आणि परिशिष्ट २ (पात्र झोपडीधारकांची यादी) मधला तुमच्या नावाचा उतारा
- सगळ्यांची आधारकार्डं, रेशनकार्ड, ताजं वीजबिल
- मुलांचे जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, गुणपत्रिका
- वडिलांचा किंवा मुलाचा जातीचा दाखला, असल्यास
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- दिव्यांग मुलाचं प्रमाणपत्र, असल्यास
- बँक पासबुकाचं पहिलं पान

उत्पन्नाचा दाखला उपनगरात कुर्ला, अंधेरी किंवा बोरिवली तहसीलदारांकडून मिळतो. अर्ज राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर घरून करता येतो, नाहीतर महा ई-सेवा केंद्रातून. सेवा हक्क कायद्यानुसार १५ दिवसांत मिळायला हवा. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाच्या दिवसांत केंद्रांवर रांगा लागतात, म्हणून दाखल्याचं काम एप्रिल-मेमध्येच उरका. केंद्रात दरपत्रक लावलेलं असतं. त्याच्या वर पैसे मागितले तर पावती मागा. बहुतेक वेळा मागणी तिथंच थांबते.

२. वर्षाच्या मध्येच घर बदललं? मुलाला एक दिवसही घरी बसवू नका

‘जूनमध्ये बघू’ हे सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे. ऑक्टोबरमध्ये ताबा मिळालेली कुटुंबं मुलाला जूनपर्यंत घरी ठेवतात आणि मूल नंतर शाळेकडे फिरकत नाही, विशेषतः सहावी-सातवीतलं.

शिक्षण हक्क कायदा २००९ इथं तुमच्या बाजूनं आहे. ६ ते १४ वयाच्या मुलाला वर्षाच्या कोणत्याही महिन्यात प्रवेश द्यावा लागतो. जन्मदाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून थांबवता येत नाही. मूल दोन वर्षं शाळेबाहेर असेल तरी त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागं पडलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, असं कायदाच सांगतो. अकरा वर्षांच्या मुलीला दुसरीच्या बाकावर बसवू पाहणाऱ्या शाळेला हे शांतपणे ऐकवा.

प्रत्यक्षात करायचं असं:

जवळच्या महापालिका शाळेत मुलाला सोबत घेऊन जा. आधार, जन्माचा जो असेल तो पुरावा, जुन्या शाळेची गुणपत्रिका द्या आणि प्रवेश अर्ज भरा. मुलाची नोंद सरकारी संगणक प्रणालीत जुन्या शाळेच्या नावावर असते. नवी शाळा ऑनलाइन मागणी पाठवते आणि जुन्या शाळेनं ती मंजूर करायची असते. गाडी नेमकी इथं अडकते. म्हणून प्रवेशाच्या दुसऱ्याच दिवशी जुन्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, मुलाचा स्टुडंट आयडी लिहून न्या आणि ‘मागणी आली आहे, सोडा’ असं सांगा. तोवर मूल नव्या वर्गात बसलेलं असलं पाहिजे.

महापालिका शाळेत फी नाही. पुस्तकं, वह्या, गणवेश, दप्तर, बूट मिळतात. आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं. आठ माध्यमं आहेत: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. अर्थात प्रत्येक इमारतीत सगळी नाहीत. तुमच्या मुलाचं माध्यम जवळ कुठं आहे, ते वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्या कार्यालयात कळतं. पालिकेच्या सीबीएसई आणि इतर मंडळांच्या मोजक्या शाळाही आहेत. तिथं जागा कमी असल्यानं सोडत निघते.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी विचारून घ्या. एक, ही शाळा कितवीपर्यंत आहे? पालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढची शाळा कोणती, ते आधी ठरलेलं नसेल तर मूल त्या फटीतून निसटतं. दोन, जनरल रजिस्टरमध्ये नाव, आडनाव, आईचं नाव आणि जन्मतारीख काय लिहिली आहे? स्वतः वाचा, किंवा वाचता येणाऱ्याला सोबत न्या. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी असते. दहावीचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर तीच चूक वर्षभर हेलपाटे घालायला लावते.

३. तळमजल्यावरची कुलूपबंद खोली

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी जागा ठेवावी लागते. विकास नियंत्रण नियमावलीच तसं सांगते. ती बिल्डरची मेहरबानी नाही. तरीही बहुतेक इमारतींत ही खोली शोधायला गेलात तर तिथं सिमेंटची पोती, गणपती मंडळाचं सामान किंवा कुणाचं तरी ऑफिस सापडतं. जागेचा गैरवापर होत असेल तर झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण ती ताब्यात घेऊन दुसऱ्या संस्थेला सार्वजनिक कामासाठी देऊ शकतं. ही तरतूद सोसायटीच्या कमिटीला सभेत वाचून दाखवली की किल्ली सापडायला मदत होते.

खोली कुठली हेच माहीत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. मागायचं इतकंच: ‘अमुक सोसायटीच्या पुनर्वसन इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत, ज्यात बालवाडी आणि कल्याण केंद्र दाखवलेलं आहे.’ उत्तराची मुदत ३० दिवस. ‘खोली का दिली नाही’ असं विचारू नका. माहिती अधिकारात कागद मागायचा असतो, जाब नाही, आणि ‘का’ असलेला अर्ज परत येतो.

नकाशा मिळेपर्यंत दुसरं काम करा. मजल्यामजल्यावर फिरून सहा वर्षांखालच्या मुलांची यादी बनवा: नाव, जन्मतारीख, खोली नंबर, आईची सही. ४० नावं झाली की तुमच्या हातात मोठं शस्त्र आलं. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २००६ च्या आदेशाप्रमाणे झोपडवस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी द्यायची असते. आता इमारतीत आहात म्हणून कुणी ‘तुम्ही झोपडपट्टीत नाही’ म्हटलं, तर पुनर्वसनाचं ताबापत्र जोडा.

अर्ज एकात्मिक बाल विकास योजनेच्या प्रकल्प कार्यालयात, बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे द्यायचा. सोबत यादी, खोली देण्याचा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव आणि खोलीचा फोटो. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

ठराव करताना तीन गोष्टी कागदावर आणा: वीज मीटर कुणाच्या नावावर आणि बिल कोण भरणार, मुलांसाठी संडास आणि पाणी कुठलं, आणि संध्याकाळी खोली कोण वापरणार. या खोलीत बऱ्याचदा मीटरच बसवलेला नसतो. पंख्याविना मे महिन्यात बालवाडी चालत नाही, आणि ‘शेजारच्या मीटरवरून वायर ओढू’ हा उपाय पहिल्या भांडणापर्यंतच टिकतो.

अंगणवाडीत ३ ते ६ वयाच्या मुलांना शाळेआधीचं शिक्षण आणि ताजं जेवण मिळतं. त्याहून लहान मुलांसाठी, गरोदर आणि बाळंत बायांसाठी घरी न्यायचा आहार असतो. दुपारी खोली रिकामी होते. मग तिथं अभ्यासिका सुरू करा. दहा बाय अकराच्या घरात टीव्ही चालू असताना दहावीचा अभ्यास होत नाही, आणि अभ्यासिकेला फार काही लागत नाही: दोन ट्यूबलाइट, चार सतरंज्या, बंद होणारं दार आणि किल्ली सांभाळणारा एक जबाबदार माणूस.

४. खासगी शाळेतल्या २५ टक्के जागा

शिक्षण हक्क कायद्यानुसारच खासगी विनाअनुदानित शाळांना पहिल्या प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांच्या मुलांना द्याव्या लागतात. पहिला वर्ग म्हणजे त्या शाळेत जिथून सुरुवात होते तो, नर्सरी किंवा पहिली. मूल तिसरीत असेल तर हा रस्ता त्याच्यासाठी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला सूट देणारा बदल राज्यानं केला होता. मुंबई उच्च न्यायालयानं तो जुलै २०२४ मध्ये रद्द केला. ‘आता खासगी शाळेत मिळत नाही’ असं कुणी सांगितलं तर ती जुनी बातमी आहे.

कोण पात्र? अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त आणि भटके, इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्ग, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेली मुलं आणि अनाथ मुलं यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. दुसऱ्या राज्याचा जातीचा दाखला चालत नाही. उत्तर प्रदेश, बिहारहून आलेली कुटुंबं इथं हमखास फसतात. त्यांनी उत्पन्नाच्या गटातून अर्ज करावा.

अर्ज ऑनलाइन आणि मोफत असतो, आणि नंबर सोडतीनं लागतो. तारखा दरवर्षी बदलतात, पण जानेवारीपासून लक्ष ठेवा. भरताना:

१. अर्जातल्या नकाशावरचा फुगा (घराची जागा दाखवणारी खूण) तुमच्या इमारतीवर ठेवा, आवाराच्या फाटकावर किंवा मोबाइल दाखवेल तिथं नको. शाळेचं अंतर त्या फुग्यापासून मोजलं जातं, आणि मोठ्या आवारात एका टोकाचं अंतर दुसऱ्या टोकापेक्षा वेगळं भरतं. कागदपत्रं तपासताना फुगा आणि पत्ता जुळला नाही तर मिळालेला प्रवेशही जातो.

२. एका मुलासाठी एकच अर्ज. नशीब आजमावायला मामानं दुसरा अर्ज भरला तर दोन्ही बाद.

३. दहा शाळांपर्यंत पसंती देता येते. फक्त नावाजलेल्या दोन-तीन टाकून थांबू नका. पण ज्या शाळेत रोज नेणं-आणणं जमणार नाही ती टाकूही नका.

४. नंबर लागल्याचा मेसेज आला नाही तरी पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून बघत राहा. प्रतीक्षा यादीतल्यांनाही नंतर बोलावतात. दिलेल्या तारखेत कागद घेऊन पडताळणी समितीसमोर गेला नाहीत तर जागा पुढच्याला जाते.

भाड्यानं राहणाऱ्यांसाठी मोठी अडचण आहे. भाडेकरूला पत्त्याचा पुरावा म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला किमान ११ महिन्यांचा करार लागतो आणि तो अर्जाच्या तारखेआधीचा लागतो. पुनर्वसनातलं घर मात्र ठराविक वर्षं भाड्यानं देताच येत नाही, म्हणून मालक करार नोंदवायला तयार होत नाही. पन्नास-शंभरच्या स्टँपवरचा करार इथं उपयोगाचा नाही. एजंट ‘करून देतो’ म्हणेल, त्याच्या नादी लागू नका. तुमच्यासाठी महापालिकेची शाळा हाच खरा रस्ता आहे.

आणि एक गोष्ट आधी समजून घ्या. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फी लागू होते आणि तेव्हा मूल त्या शाळेत आठ-दहा वर्षं रुळलेलं असतं. बस, सहल आणि इतर खर्च किती येतो, ते त्याच शाळेत मुलं असलेल्या पालकांना प्रवेशाआधी विचारा. २५ टक्क्यांच्या मागं लागून पालिकेच्या शाळेचा प्रवेश अडवून ठेवू नका. नंबर लागलाच तर बदलता येतं.

सोडतीत मानवी हात नसतो. ‘नंबर लावून देतो’ म्हणणारा माणूस दहा जणांकडून पैसे घेतो, त्यातल्या दोघांचा नंबर आपोआप लागतो, आणि तो त्या दोघांची उदाहरणं देत पुढच्या वर्षी परत येतो.

५. शाळा सुटलेली मुलं आणि कामावर जाणारे तरुण

चौदाच्या खालचं मूल असेल तर वर दुसरा मुद्दा वाचा, त्याची जागा दिवसाच्या शाळेत आहे. त्यापुढच्यांसाठी तीन वाटा आहेत.

*रात्रशाळा.* मुंबईची ही जुनी परंपरा आहे. वर्ग साधारण संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ भरतात, आठवी ते दहावी, काही ठिकाणी पुढं कनिष्ठ महाविद्यालयही. मुलगा दुकानात, कारखान्यात काम करत असेल आणि रोज शिक्षकासमोर बसायची गरज असेल तर हीच वाट घ्यावी. प्रवेश जूनमध्ये. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. मुलींच्या बाबतीत एकच व्यावहारिक प्रश्न असतो: रात्री दहाला परत कसं यायचं? एकाच आवारातल्या चार-पाच मुलींनी एकदम नाव घातलं तर तो बऱ्यापैकी सुटतो.

*सतरा नंबरचा फॉर्म.* राज्य मंडळाची दहावी-बारावी शाळेत न जाता, खासगीरीत्या द्यायची सोय. शुल्क आहे, पण खासगी क्लासवाले ‘दहावी गॅरंटी’ म्हणून जे हजारो रुपये मागतात, त्याच्या काही अंशानं. मंडळाच्या संकेतस्थळावरून तुम्हीच भरू शकता. मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. झोपडी तोडताना, सामान हलवताना हाच दाखला जातो. म्हणून आधी जुन्या शाळेत अर्ज टाका, नंतर फॉर्म भरा.

*मुक्त विद्यालय.* महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळात १० वर्षं पूर्ण झालेल्याला थेट पाचवीची आणि १३ वर्षं पूर्ण झालेल्याला थेट आठवीची परीक्षा देता येते. आधी शाळेत गेलेलं असण्याची अट नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी पाच विषयांची असते आणि पाच वर्षांत नऊ प्रयत्न मिळतात, त्यामुळे एका वेळी एक-दोन विषय सोडवता येतात. गणिताला घाबरून शाळा सोडलेल्यांना विषय निवडीची मोकळीक इथं जास्त आहे. थोडं शुल्क दोन्हीकडे आहे. घरकाम करून शिकणाऱ्या बायांना आम्ही डोळे झाकून हीच वाट सुचवू. पण नोंदणी संस्थेच्या अधिकृत केंद्रातच करा. मिळत्याजुळत्या नावाची बोगस ‘ओपन बोर्डं’ आहेत आणि त्यांची प्रमाणपत्रं आयटीआयच्या काउंटरवर नाकारली जातात.

तिन्ही वाटांची पुस्तकं फुकट आहेत. बालभारतीची पीडीएफ उतरवता येतात, आणि ‘दीक्षा’ ॲपमध्ये पुस्तकावरचा चौकोनी कोड स्कॅन केला की धड्याचे व्हिडिओ उघडतात.

६. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांच्यासाठी

केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, ज्याला ‘उल्लास’ म्हणतात, २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. १५ वर्षांवरचं कुणीही, वरची मर्यादा नाही. पैसे लागत नाहीत. जवळच्या शाळेत जाऊन शिकणारा म्हणून नाव नोंदवायचं, बस.

शिकवणारे स्वयंसेवक असतात आणि ते बाहेरून येण्याची वाट बघू नका. इमारतीतलीच कॉलेजची मुलगी, निवृत्त शिक्षक, शिकलेली सून स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवू शकते. दुपारी दोन ते चार, जेवणं झाल्यावर आणि पाणी यायच्या आधी, हीच वेळ बायांना जमते. संध्याकाळचा वर्ग ठेवलात तर आठवड्यात रिकामा होतो. सुरुवात बाराखडीनं करू नका. स्वतःचं नाव, इमारतीचा नंबर, बसची पाटी, वीजबिलावरचा आकडा, गॅसची पावती यांपासून करा. ज्या आजीला लिफ्टमधला मजला ओळखता आला, ती दुसऱ्या दिवशी स्वतःहून येते.

शेवटी परीक्षा असते, बहुतेक वेळा मार्चमध्ये, नोंदणी केलेल्या शाळेतच. १५० गुण: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५०. प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. मराठीशिवाय इतर माध्यमांतूनही देता येते. परीक्षेच्या दिवशी दोन गोष्टींनी लोक अडतात: ओळखपत्र घरी राहिलं, किंवा चष्मा नाही. परीक्षेच्या महिनाभर आधी पालिकेच्या दवाखान्यात सगळ्यांचे डोळे तपासून घ्या. ‘मला काही जमत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना अक्षर नीट दिसतच नसतं. पास झाल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि त्यापुढं मुक्त विद्यालयाची वाट उघडते.

७. हाताला काम देणारं शिक्षण

सरकारी आयटीआय सगळ्यात भरवशाचं. मुलुंड, कुर्ला अशी केंद्रं उपनगरातच आहेत. फी अगदी कमी, आणि महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. वेल्डर, वायरमन, शिवणकाम असे काही ट्रेड आठवी पासवरही मिळतात. दहावीचा निकाल लागला की ऑनलाइन अर्ज सुरू होतात. पसंतीक्रम भरताना लोक चूक करतात ती अशी: पहिली फेरी चुकली की ‘झालं’ म्हणून सोडून देतात. पुढच्या फेऱ्यांत जागा सुटत राहतात, शेवटपर्यंत बघा.

जन शिक्षण संस्थांचे अभ्यासक्रम १५ ते ४५ वयासाठी आहेत, निरक्षरांपासून बारावीपर्यंत शाळा सुटलेल्यांसाठी: शिवण, ब्युटी पार्लर, इलेक्ट्रिकची कामं. काही महिन्यांचे असतात आणि इमारतीतल्या कल्याण केंद्रातही भरवता येतात, वीस-पंचवीस जणींची बॅच तयार असेल तर. इथं ती तळमजल्याची खोली पुन्हा कामाला येते.

स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती यांसाठी राज्य सरकारच्या संस्थांपैकी बार्टी अनुसूचित जातींना, सारथी मराठा-कुणबी समाजाला, महाज्योती इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गांना मोफत प्रशिक्षण देतात. दहावीनंतर विज्ञान घेतलेल्यांना महाज्योतीकडून जेईई, नीटच्या तयारीसाठी टॅबही मिळतो. जाहिरात आली की मुदत थोडी असते, आणि जातीचा दाखला आणि लागत असल्यास नॉन-क्रिमीलेअर आधीपासून फाइलमध्ये नसेल तर संधी हातची जाते.

‘फ्री कोर्स’चा बोर्ड लावलेल्या खासगी केंद्रात जाण्याआधी चार प्रश्न विचारा: योजना कोणती? प्रमाणपत्र कोण देतं? परीक्षा फी किती? मूळ कागद ठेवून घेता का? शेवटच्याला ‘हो’ म्हणाले तर उठून या. मूळ दाखले अडकवून पैसे मागणं हा जुना धंदा आहे.

८. कॉलेजची फी

अनुदानित शाळा-कॉलेजांत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण शुल्क नाही. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट एकच, पण कडक: प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. कॉलेजवाले ‘आमच्याकडे थेट सीट आहे, नंतर सवलत मिळेल’ म्हणतात. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला ती मिळत नाही.

शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचे. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. दोन बँकांत खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात जातात आणि घरचे दुसऱ्या पासबुकात शोधत बसतात. अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. कॉलेजच्या लिपिकानं तो पुढं पाठवावा लागतो. अर्जाची स्थिती दर पंधरा दिवसांनी स्वतः बघा आणि दरवर्षी नूतनीकरण करा.

९. अडलं तर कुणाकडे

- महापालिका शाळेनं प्रवेश नाकारला: वॉर्डातले प्रशासकीय अधिकारी (शाळा).
- खासगी किंवा अनुदानित माध्यमिक शाळा: शिक्षण निरीक्षक. मुंबईत उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे तीन विभाग आहेत, आपला कोणता ते आधी बघा.
- अंगणवाडी: आधी मुख्यसेविका (अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या), मग बाल विकास प्रकल्प अधिकारी.
- बालवाडीच्या खोलीचा गैरवापर: वांद्र्याचं झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. संक्रमण शिबिर असेल तर म्हाडा.
- दाखला मुदतीत मिळाला नाही: ‘आपले सरकार’वरच पहिलं अपील.

तोंडी तक्रार करून परत येऊ नका. एका पानाचा अर्ज, खाली मोबाइल नंबर, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख. प्रवेश नाकारणाऱ्या मुख्याध्यापकांना ‘हेच कारण लेखी द्या’ एवढं म्हणा. बऱ्याचदा तिथंच प्रवेश अर्ज पुढं सरकवला जातो.